काळा थर

"वस्ताद, बेअरिंग बसवताना त्याच्यावरचा काळा थर बघितला का?" मुबारकनं सहज विचारलं. इंजिनाची नवी बेअरिंग त्यानंच आणून दिली होती. समोर माझ्या लेकीची गाडी शर्यतीच्या रेषेवर सुरू होऊन उभी होती. सुटायला दोन मिनिटं होती.

"त्याचं काय?"

"आता बेअरिंगमध्ये मऊ शिसं नसतं. धातू कडक असतो. फिरत्या क्रँकला सांभाळतो तो फक्त वरचा थर, केसाहून पातळ. तो गेला की इंजिन जाम."

चाळीस वर्षं मी प्रत्येक बेअरिंग बसवण्याआधी स्क्रेपरनं हलकंसं खरवडत आलो. शिशाचं बेअरिंग असं खरवडलं की नेमकं बसायचं. परवाही मी तेच केलं. काळं काहीतरी निघालं, ते पॅकिंगचा मळ समजून फडक्यानं पुसून टाकलं.

मी कान लावला. इंजिन अगदी गोड चालत होतं. लेक या शर्यतीसाठी दोन वर्षं थांबली होती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं, निदान पहिल्या फेरीपर्यंत.

झेंडेवाल्यानं हात वर केला. मी दोरी ओलांडून धावलो, खिडकीतून हात घातला आणि स्विच बंद केला.

"आबा!" तिनं हेल्मेटची काच वर केली. "काय झालं? वेगळा आवाज आला का इंजिनाचा?"

"अजून नाही," मी म्हणालो. "उतर खाली. इंजिन मी बिघडवलंय."