ठणठणीत आवाज

वारलेल्या बायकोची गाडी विकायच्या आधी मिस्त्रीने ती तपासायला घेतली. नुसत्या कानांनी इंजिन जुळवणारा अशी त्याची ख्याती. बायकोने हौसेने धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणला तेव्हा "मला कान आहेत की" म्हणत त्याने तो खोक्यातच ठेवलेला. आज मुलीने तो धुराच्या नळीत बसवला, गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला आणि इंजिन चालू केलं. "बाबा, आकडे बघा. कुठूनतरी हवा शिरतेय. फ्यूएल ट्रिम टोकाला गेलाय. कॉम्प्युटर कधीचा जास्तीचं पेट्रोल देऊन सांभाळून घेतोय, तरी कमीच पडतंय." मिस्त्रीने बॉनेटला कान लावला. इंजिन लयीत चाललं होतं. "तुम्हाला तरी कसं कळणार?" मुलगी म्हणाली. "आवाज तर ठणठणीत आहे." त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. जिना चढताना दम लागतो, असं बायको सांगायची, तेव्हा तोही हेच म्हणायचा, "आवाज तर ठणठणीत आहे तुझा."