बोटभर साल

गच्चीवर आपल्या जुन्या बोन्सायच्या कुंड्यांमध्ये बसून कुमुदिनीताईंनी डाळिंबाच्या फांदीची बोटभर रुंद साल गोल सोलून काढली, तिथे ओलं शेवाळ लावलं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. "ही गुटी. दोन महिन्यांत इथे मुळं फुटतील. मग फांदी कापून बोन्सायच्या कुंडीत लावायची."

शिकायला आलेले शेजारी बोंद्रे वाकून बघत होते. "आणि अशी साल बुंध्याचीच काढली तर?"

"मग मुळं उपाशी राहतात. हळूहळू अख्खं झाड जातं," त्या सहज बोलून गेल्या.

पावसाळा सरता सरता सोसायटीच्या फाटकाजवळची जुनी चिंच पिवळी पडू लागली. तिच्या फांद्यांमागे बोंद्रेंच्या नव्या दुकानाची पाटी झाकली जायची. कुमुदिनीताईंनी बुंध्यापाशी बसून त्यावर थापलेला मातीचा लेप खरवडला. आत वीतभर साल सगळीकडून गोल सोललेली होती, अगदी त्यांनी शिकवल्यासारखी सफाईने.

संध्याकाळी बोंद्रे अर्ज घेऊन दारात आले. "ताई, चिंच वाळलीय. कुणाच्या अंगावर पडायच्या आत पाडायला हवी. झाडांमधलं तुम्हालाच कळतं, म्हणून पहिली सही तुमची."

त्यांनी पेन घेतलं आणि अर्जावर लिहिलं, 'हे झाड आपोआप वाळलेलं नाही. मुद्दाम मारलंय.' खाली ठसठशीत सही केली.

बोंद्रेंनी ते सावकाश वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि गच्चीच्या जिन्याकडे बघत हसले.

"तुमची बोन्साय तीस-तीस वर्षांची असतील, नाही का ताई? वर कुलूप नसतं ना?"