चौथा श्वास

जुना फिल्टर तपासणी यंत्रात सरकवून एसीवाला इरफान म्हणाला, "मॅडम, घरात तीन मोठी माणसं आणि एक तान्हं. बाळ असलं की बारीक जाळीचा फिल्टर लावावा लागतो."

"यंत्र बिघडलंय तुमचं," रेणुका म्हणाली. "आम्ही दोघंच राहतो इथे."

"फिल्टरवर साचलेले श्वास ओळखण्यात ते चुकत नाही, मॅडम. तिसरी व्यक्ती तुमच्याच रक्ताची आहे, आणि बाळही. दोघं रोज दुपारी असतात."

दुपारी रेणुका बँकेत असायची. घरी असायचा तिचा निवृत्त नवरा, नंदन. तो आत्ता खिडकीतून नागपूरचं ऊन बघत उभा होता. सानिकानं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्या दिवशी रेणुकानं लेकीचं नाव टाकलं होतं आणि नंदनलाही तिला घरात न घेण्याची शपथ घातली होती. तो तेव्हा हो म्हणून मोकळा झाला होता.

"मग कुठला लावू?" इरफाननं विचारलं.

रेणुकानं जुना फिल्टर उचलला. त्यावर नुसती राखाडी धूळ होती. तरी तिनं तो हळूच नाकाशी नेला.

"बारीक जाळीचा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "मुलगा की मुलगी?"