नखाएवढं पीस

"मायाक्का, या तुमच्याच ना?" माल तपासणाऱ्या आरोहीनं डबी पुढं केली. आत माशा होत्या. खऱ्या नव्हेत, गळाला कोंबडीचं मऊ पीस गुंडाळून केलेल्या. परदेशातले हौशी लोक त्या नदीत टाकून मासे फसवतात आणि बांधल्या जातात त्या सोलापुरातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये. कुणाचं पोट कशावर चालेल, सांगता येत नाही.

"माज्याच की."

"पीस लांब झालंय. शंभरच्या शंभर."

पिसाचे तंतू गळाच्या वाकणापाशी थांबायला हवेत. पुढं गेले, की मासा नुसतं टोक चावून निसटतो. आरोहीनं एकेक माशी पट्टीवर धरली. प्रत्येकीत पीस जोंधळ्याच्या अर्ध्या दाण्याएवढं जास्त. चूक होती, पण चुकीलाही शिस्त होती.

अकरा वर्षांत मायाक्काचा माल कधी परत आला नव्हता.

"माझ्यासमोर एक बांधा बघू."

मायाक्कानं पीस उचललं. गळाकडं पाहिलंसुद्धा नाही. तंतू अंगठ्याच्या नखावर उभा धरला, दुसऱ्या बोटानं नखाचं टोक चाचपलं आणि दोरा फिरवला.

"तुम्हाला गळ दिसत नाही?" आरोहीनं आवाज खाली आणला.

मायाक्काचे हात थांबले. मोतीबिंदू झाला म्हणून मालकानं बजाबाईला गेल्या साली घरी बसवलं होतं. तिचं स्टूल अजून शेजारी रिकामंच होतं.

"नीट न्हाय दिसत. पर नख कदी चुकलं न्हाय, बाई."

"मग आत्ताच कसं चुकलं?" आरोहीनं तिचा हात हातात घेतला. नख चांगलंच वाढलेलं.

"श्रावण हाय न्हवं. नखाला लोखंड लावत न्हाय मी."

आरोहीला हसू आलं. मालकाच्या केबिनचं दार उघडं होतं. तिनं तिकडं पाठ केली, पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि त्या जागी चुकलेल्या माशांची डबी सारली. नखावर जुन्या मापाशी तिनं आडवी लाल रेघ ओढली, फुंकर मारून वाळवली, वर आणखी दोन हात दिले.

"लागतेय बोटाला?"

मायाक्कानं चाचपलं. "लागतीय की."

"श्रावण संपला की डोळे दाखवून येऊ. तोवर रेघेपर्यंत पीस," आरोही म्हणाली. "पुढचं नख महादेवाचं."