मंगळीच्या वयाची बाटली

"निजलीय ती. उठवते, थांबा," असं म्हणत पुतळाबाईनं भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला.

बाहेर मांडवात होमीशेठ खुर्चीच्या टोकावर बसला होता. आज मंगळीची हळद. कडाव गावातली निम्मी आळी अंगणात लोटली होती, पण नवरीकडं बघतंय कोण, सगळ्यांचे डोळे शेठवर. कर्जतला बंगला असलेल्या या पारशी म्हाताऱ्याला नाद एकच. जगभरच्या जुन्या व्हिस्क्या नि वायनी हुडकायच्या, विकत घ्यायच्या, तळघरात ठेवायच्या आणि भाव चढला की विकायच्या. स्वतः एक थेंब चाखायचा नाही. विकायच्या मालाचं बूच काढायचं नसतं, म्हणायचा.

मंगळीचा बाप मालोजी त्याच्या खुर्चीमागं हात बांधून उभा होता. रसायनीला कारखाना उभा राहत होता तेव्हा तो एका फ्रेंच इंजिनिअरच्या बंगल्यावर रखवालदार होता. मायदेशी जाताना त्या साहेबानं तीन वर्षांच्या मंगळीपुढं आता कणगीत निजलेली ही बाटली धरली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, ही तुझ्या पोरीच्याच सालातली वाइन आहे. अंधारात, गारव्याला निजवून ठेव. पोरीबरोबर वाढेल आणि तिच्या लग्नात कामाला येईल. मालोजीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, हिच्या पैशात मंगळीला शिलाई मशीन द्यायचं. व्याह्यांच्या कानावरही घालून बसला होता बाबा.

पुतळाबाई बाटली पदराखाली घेऊन बाहेर आली. काखेत तान्हं पोर असावं तशी मान सावरून धरलेली. आज एक लेक नांदायला जाणार आणि दुसरी विकली जाणार, म्हणून सकाळपासून तिला भरून येत होतं. पण मशीन हवं तर ती द्यायलाच हवी होती.

शेठनं चष्मा लावला, बाटली एकदा फिरवली, दोनदा फिरवली.

"बाई, हिच्यावरचा कागद कुठे गेला?"

"कागद कसला? कपाळ हाय ते तिचं."

तांबड्यापिवळ्या थरावरून पुतळाबाईनं मायेनं अंगठा फिरवला. चैत्रात मंगळीचा जन्मदिवस आला की ती दोघींना शेजारी ठेवायची, दोघींचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची आणि दोघींना हळदकुंकू लावून ओवाळायची. साहेबानं पोरीबरोबर वाढेल म्हटलं होतं, मग एकीला ओवाळून दुसरीला कसं वगळायचं?

बायका पदरात तोंड घालून हसल्या. शेठ काही हसला नाही.

"त्या कागदावर नाव होतं, साल होतं. आता ही कोणाची, कधीची, कोण सांगणार? बिननावाच्या बाटलीला भाव नसतो, मालोजी."

आपल्याच हातानं आपण लेकीचं मशीन पुसून टाकलं, या विचारानं पुतळाबाईचा जीव कानकोंडा झाला.

"कधी कधी बुचावर नाव असतं," शेठ म्हणाला. "काढून बघू? पण काढलं की मग विकायची गोष्ट संपली."

"आता तरी कुठं विकतीय? काढा," मालोजी म्हणाला.

शेठनं खिशातल्या चाकूचा बूच काढायचा पीळदार स्क्रू बुचात फिरवला. बूच हळूहळू वर आलं, लांबलचक, ओलं, टोकाला जांभळं. त्यावर एक अक्षर नव्हतं. पण पिकल्या जांभळांची रास ओतावी तसा वास मांडवभर सुटला, आणि शेठनं नाकाशी नेलेलं बूच काही खाली येईना.

"एक पेला मिळेल?" त्यानं विचारलं.

"एकट्यानं कसं पिता?" पुतळाबाई डोळे पुसून म्हणाली. "लेकच हाय ती आमची. समद्यांची वाटणी हाय तिच्यात."

ती घरात गेली आणि देव्हाऱ्यातली पळी घेऊन आली. तिची नणंद गोदा चिडली. "अगं, देवाच्या पळीनं दारू देतीस?"

"इतकी वर्सं कुंकू लावलंय तिला. आता दारू कुठली ऱ्हायली ती?"

झालं. म्हातारेकोतारे, बायाबापड्या सगळे ओळीनं उभे राहिले. पहिली पळी शेठच्या ओंजळीत पडली. त्यानं चाखली आणि डोळे मिटून नुसता उभाच राहिला. मग इतरांचं बघून ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मुकाट्यानं ओळीच्या शेपटाला जाऊन लागला.

"माझ्या तळघरात अशा भिंतभर बाटल्या पडल्यात, बाई," दुसऱ्या पळीला तो म्हणाला. "आत काय असतं ते आज कळलं." आणि खुदखुदून हसला. त्याला असं हसताना कर्जतात कुणी पाहिलं नसेल.

तिसऱ्यांदा तो समोर आला तेव्हा पुतळाबाईनं बाटली उजेडात धरली. निम्मी शिल्लक होती.

"तीर्थ किती वेळा घ्याल, शेठ? उरलेली घरी न्या की. पोरीचं मशीन तेवढं धाडा."

मालोजीला उगाच खोकला आला. शेठनं पुढं केलेला हात काही मागं घेतला नाही.

"पायाचं, का हाताचं?"

पाटावर बसलेल्या हळदीच्या नवरीनं बोलायचं नसतं. मंगळीनं मानसुद्धा वर केली नाही.

"पायाचं," ती म्हणाली.