पाखऱ्याच्या कोठ्यातली गाडी

गाडी बैलांच्या कोठ्याच्या दारात अडकली. नाक तेवढं उन्हात आलं, बाकी सगळं धड आत. गोलूने ब्रेक दाबला. समोर उभ्या सुगतचा चेहरा परीक्षेला येऊन पेन विसरलेल्या पोरासारखा झाला होता.

"तू मोजलं होतं ना बे?" गोलूने आतून विचारलं.

"मोजलं होतं. मारुती आत घेतली तवा."

तिथेच घोळ झाला होता. आत शिरली ती एक म्हातारी मारुती होती, आरसे मिटून, अंग चोरून. नंतर या दोघांनी तिचं जे केलं, ते आसगावातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर कोणी खरं मानलं नसतं. एका इंग्रजी पिक्चरमध्ये पुलावरून झेप घेणारी पिवळी गाडी दोघांनी मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिली होती. हिरोचं नाव विचारलं तर दोघेही डोकं खाजवतील, पण तिच्या मागच्या दिव्यांचा आकार डोळे मिटून काढून दाखवतील. गोलू पवनीला वेल्डिंग करायचा, सुगत तिथल्याच बँकेत कारकून. सुटी लागली की दोघे कोठ्यात. छत कापलं, पत्रा ठोकून वळवला, चाकांवर रुंद मडगार्ड चढवले, तोच पिवळा रंग दिला, दारं तर अशी बसवली की पाखराच्या पंखांसारखी वर उघडावीत. गाडी फुगत गेली आणि दार तेवढंच राहिलं. बैलाच्या कोठ्याचं दार बैलाच्याच मापाचं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उद्या नागपुरात असल्याच वेड्यांचा मेळावा होता. खऱ्याखुऱ्या परदेशी स्पोर्ट्स कारच्या रांगेत या पिवळीला जागा मिळाली होती.

"चौकट काढावी लागंल," सुगत हळूच म्हणाला.

गोलूने ओसरीकडे पाहिलं. ती सागाची चौकट म्हणजे त्याच्या बापाचा, धनीरामचा जीव. धनीरामची हिऱ्या-पाखऱ्याची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत धावायची, तेव्हा पार लाखांदूरकडची माणसं हातातली कामं टाकून बघायला यायची. हा पाखऱ्या कोठ्यातून निघताना रोज चौकटीला मान घासायचा. घासून घासून तिचा उजवा खांब गुळगुळीत झाला होता. पुढे पटावर बंदी आली, बैलही थकून गेले, पण धनीरामने त्या खांबाला रंगाचा हात लागू दिला नाही. पोराला कोठा दिला तोही चौकटीला धक्का लावायचा नाही, या एकाच अटीवर. गाडीबद्दल मात्र आजवर चकार शब्द काढला नव्हता. चांगली म्हटली नाही की वाईट म्हटली नाही, आणि गोलूला तेच जास्त लागायचं.

ओसरीवरून धनीराम उठला. तंबाखू थुंकून सावकाश आला आणि गाडीपुढे उकिडवा बसला. वाकून खालून पाहिलं. चाक हलवून पाहिलं. बाजारात बैल बघताना तो असाच बसायचा, मालक कितीही बडबडला तरी मान वर करायचा नाही. मग त्याने चौकटीत अडकलेल्या मडगार्डच्या वळणावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हे मशीननं वळवलं?"

"नाई बाबा. हातोडीनं."

"सांधा कुठी हाय?"

"हाय. पण दिसत नाई."

धनीरामने पुन्हा अंगठा फिरवला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "गोलूची माय, सब्बल आण!"

चंद्रभागाबाई ती लोखंडी पहार घेऊन आली आणि नवऱ्याचा डोळा चौकटीवर पाहून थबकली. "पाखऱ्याची चौकट होय थे. काहून तोडता?"

"पाखऱ्याले मी कोठ्यातच बांधून ठेवला असता, त कोणं पाहिला असता त्याले?"

पहिला घाव त्यानेच घातला. गोलू गाडीतून उतरून आतल्या बाजूने मदतीला धावला, पण डोळे भरून आल्याने त्याला नीट काही दिसेना. सुगतने वरच्या लाकडाला बल्लीचा टेकू दिला. मातीची भिंत ढासळली, खांब सुटा झाला. धनीरामने तो आडवा पडू दिला नाही. छातीशी धरून ओसरीच्या भिंतीला उभा केला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला.

पिवळी बाहेर आली तेव्हा अर्धं आसगाव गोळा झालं होतं. दारं वर उघडली आणि म्हाताऱ्या माणसांनीही टाळ्या पिटल्या. एक चक्कर मारून बघायला गोलू आणि सुगत आत बसले. पवनीच्या रस्त्याला लागताच गाडीने असा आवाज दिला की धानाच्या बांधीतले बगळे उडाले. धनीराम चालत चालत रस्त्यापर्यंत गेला आणि कडेला उभा राहिला. पटात झेंडीजवळ उभा राहायचा तसाच, डोळ्यांवर हात धरून.

गाडी परत आली ती फुसफुसत. बोनटच्या फटीतून वाफ निघत होती. गोलू उडी मारून उतरला आणि बादली घ्यायला घराकडे पळाला. पाणी घेऊन आला तेव्हा बाप पिवळीला खेटून उभा होता. पटातून आलेल्या पाखऱ्याच्या पाठीवर ठेवायचा तसा त्याने आपला रुंद तळवा तापलेल्या बोनटवर ठेवला होता. चटका बसत असणार, पण हात उचलला नव्हता.

"थांब गोल्या," तो म्हणाला. "धावून आलेल्याले लगेच पाणी नाई पाजत. दम घेऊ दे तिले."