नळीतलं नख

शस्त्राची पारख रक्तात असावी लागते, असं परवेजभाई आर्णीच्या टपरीवर नेहमी सांगत. डॉक्टरांना त्यांच्या रक्तात आजवर फक्त साखर सापडली होती.

रानडुकरांसाठी परवाना मिळाला, तेव्हा मेव्हण्याला, जमीरला घेऊन ते यवतमाळच्या दुकानात गेले. दुकानदाराने फौजेने काढून टाकलेली जुनी रायफल पुढे केली.

"नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरा अन् पुढून पाहा. नखाच्या उजेडात आतला गंज दिसते. अव्वल का भंगार, तुमीच सांगा."

"दुल्हेभाई एका नजरेत सांगतात," जमीर म्हणाला.

परवेजभाईंनी जन्मात पहिल्यांदा नळीला डोळा लावला. पलीकडे पांढरंशुभ्र नख चमकत होतं.

"काय दिसून राह्यलं?"

"नख," ते ऐटीत म्हणाले.

"पण तुमी अंगठा कुठी लावला, भाऊ?" दुकानदार हसला. जमीरही हसला.

परवेजभाईंचे कान तापले. त्यांचे दोन्ही हात नळीच्या पुढच्या तोंडाशी होते. त्यांनी पुन्हा पाहिलं. नख तिथंच होतं. मग ते बोट हळूच हललं, जवळ बोलवावं तसं.

हे सांगितलं असतं, तर आर्णीत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"अव्वल," परवेजभाई म्हणाले.

रायफल त्याच दुपारी त्यांच्या घरी आली.